क्षयाच्या कथा आणि चेटपेटचा अहवाल

डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, एकविसाव्या वर्षी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात श्रीनिवास रामानुजन जन्मले. तेही समुद्र ओलांडून गेले, इंग्लंडमध्ये सॅनिटोरियममध्ये राहिले, परतले आणि १९२० च्या एप्रिलमध्ये मद्रासच्या चेटपेट भागात वारले. दोघांवरही वाचकप्रिय पुस्तके आहेत, चित्रपट आहेत. श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ची खरी ताकद नवरा-बायकोमधल्या ताणात आहे, आजार मात्र तिथेही नियतीसारखा येतो. रामानुजन यांना क्षय नव्हे, यकृताचा अमिबाजन्य विकार असावा, असे डी. ए. बी. यंग यांनी १९९४ मध्ये मांडले. तरी कथेने क्षय सोडलेला नाही. कसा सोडेल? खोकला आणि रुमालावरचा लाल डाग कथेला फार सोयीचा.

माझी तक्रार या हळवेपणाबद्दल आहे. अशा कथांत क्षय ही प्रतिभेची किंमत ठरते. मग ज्या विडी कामगाराकडे किंवा बस कंडक्टरकडे मोजण्यासारखी प्रतिभा नाही, त्याच्या वाट्याला काय? वेगळे ताट, मोडलेली सोयरीक, सासरपासून लपवलेल्या गोळ्या. कथेतली कीव आणि घरातली शिवाशिव या दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: क्षय झाला की माणूस घरातून वजा झाला.

ही समजूत खोडणारा मजकूर त्याच चेटपेटमधून आला, हे आपल्या वाङ्मयीन चर्चेत कुणी सांगत नाही. तिथे १९५६ मध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र निघाले. आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. केंद्राने मद्रासमधल्या गरीब रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये: विश्रांती, चांगले अन्न, परिचारिका. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या खोल्यांत, त्याच औषधांवर. वर्षाअखेर दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे निघाले. पुढची काही वर्षे घरच्यांवरही लक्ष ठेवले गेले. रुग्ण घरात राहिला म्हणून तिथली माणसे जास्त आजारी पडली नाहीत. जो संसर्ग व्हायचा तो बहुतेक निदानाआधीच होऊन गेलेला असतो.

१९५९ चा हा अहवाल साहित्य म्हणून वाचावा, असे मी गंभीरपणे म्हणतो. गद्य रुक्ष, पानोपानी तक्ते. पण त्यातला रुग्ण घरात झोपतो, घरचेच जेवतो, कामाला जातो आणि बरा होतो. त्याला करुण करण्याची लेखकांना गरज वाटलेली नाही. एवढा संयम आपल्या किती कादंबऱ्यांत आहे?

भाषा मात्र तिथवर पोचलेली नाही. ‘डिफॉल्टर’ आणि ‘सस्पेक्ट’ हे शब्द जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आपल्या व्याख्यांतून काढले. मराठी बातम्यांत ‘संशयित क्षयरुग्ण’ अजून भेटतो, जणू त्याने चोरी केली आहे. आणि ‘क्षय’ हा शब्द तर निदानाबरोबरच झिजण्याचा निकालही सांगून टाकतो.

मला एक मराठी कादंबरी वाचायची आहे. तिची नायिका सहा महिने गोळ्या घेते आणि चौथ्या प्रकरणात ठणठणीत बरी होते. उरलेली सगळी कादंबरी फडताळातल्या त्या वेगळ्या पेल्याची, जो सासूबाई अजूनही इतर भांड्यांत मिसळू देत नाहीत.