आदिजीवाणूंचे विषाणू? : एका परिभाषेची चिकित्सा

प्रस्तावना

खानदेशातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला गरम पाण्याचे झरे नवे नाहीत. जळगाव जिल्ह्यात अडावदजवळचे उनपदेव आणि पूर्वीच्या धुळे जिल्ह्यातील, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात समाविष्ट झालेले शहादा तालुक्यातील उनपदेव ही स्थाने त्याच्या परिचयाची असतात. नावातील ‘ऊन’ हा शब्द पाण्याचा गुणच सांगतो. लोकभाषेचा हा नेमकेपणा शास्त्रीय परिभाषेत मात्र दरवेळी आढळत नाही. अत्युष्ण व अतिखारट पाण्यातील आर्किया आणि त्यांना संसर्ग करणारे व्हायरस यांना ‘आदिजीवाणूंचे विषाणू’ म्हणण्याचा मोह होतो. या शब्दयोजनेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘जीवाणू’ : मूळ चूक

१९७४ मध्ये टॉर्सविक व डुंडास यांनी हॅलोबॅक्टेरियम या क्षारप्रिय जीवातील व्हायरसचे वर्णन केले. त्याला त्यांनी ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जीवाणुभक्षी, म्हटले. त्यांचा दोष नव्हता. आर्किया हा स्वतंत्र गट वूझ व फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखविला. तेव्हाच्या ‘आर्किबॅक्टेरिया’ या नावातील ‘बॅक्टेरिया’ हे पद १९९० मध्ये जाणीवपूर्वक गाळण्यात आले. ‘आदिजीवाणू’ म्हणताना आपण गाळलेली चूक पुन्हा आणतो. शिवाय ‘आदिजीव’ हा शब्द मराठीत प्रोटोझोआसाठी रूढ आहे, हा गोंधळ वेगळाच.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय आर्किया असल्याचे दिसून आले. या गटाचे शास्त्रीय नाव आजही ‘हॅलोबॅक्टेरिया’ असल्याने वाचकाने त्यांना जीवाणू समजणे स्वाभाविकच होते.

‘आदि’ आणि ‘विष’

‘आदि’ या पदातून मागासलेपणाची छटा येते. परंतु २०१५ मध्ये उजेडात आलेल्या लोकीआर्किया गटामुळे केंद्रकयुक्त पेशींचे, पर्यायाने आपलेही, मूळ आर्कियांशी निगडित असल्याच्या मताला बळ मिळाले आहे.

‘विष’ हे पद लॅटिन मूळ अर्थाला धरून आहे. पण वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. जपानमधील बेप्पूच्या झऱ्यातील सल्फोलोबसमध्ये राहणारा, लिंबाच्या आकाराचा एसएसव्ही-१ आपला डीएनए यजमानाच्या गुणसूत्रात जोडतो आणि पेशी न फोडता बाहेर पडतो. उलट एसआयआरव्ही-२ पेशीच्या आवरणावर पिरॅमिडसारखी द्वारे उभारून शेवटी पेशी नष्ट करतो. इटलीतील पोझ्झुओली येथील आम्लधर्मी झऱ्यातील एटीव्ही या व्हायरसचे (२००५) वैशिष्ट्य त्याहून विलक्षण आहे : यजमानाबाहेर पडल्यानंतर, केवळ उष्णतेच्या सान्निध्यात, त्याला दोन शेपट्या फुटतात. सहवास, संहार आणि स्वतंत्र रूपांतर या तिन्ही गोष्टी ‘विष’ या एका पदात मावत नाहीत.

समारोप

हा वाद केवळ शब्दांचा नाही. जीवाणूंच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन आर्कियांत नसते. जीवाणूंसाठी योजलेल्या प्रायमरांनी शोध घेतल्यास आर्किया निसटतात. म्हणजे चुकीचा शब्द चुकीच्या प्रयोगाकडे नेतो. भाविक स्नान करतात ते उनपदेवचे पाणी पोझ्झुओलीच्या आम्लकुंडासारखे नाही, हे मान्य. तेथे काय आढळेल हे पाण्याच्या तपासणीनेच ठरेल. परंतु काय शोधायचे हे शब्द आधीच ठरवून टाकतो.

म्हणून ‘आदिजीवाणू’ टाकून ‘आर्किया’ हा शब्दच स्वीकारावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘विषाणू’ आता इतका रुळला आहे की तो काढणे शक्य नाही. मात्र शिकविताना त्यातील ‘विष’ हा गुणधर्म नसून केवळ इतिहास आहे, एवढे अवश्य सांगावे.