तक्त्यात मोजलेली, निष्कर्षात विसरलेली सच्छिद्रता

फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिकवरचे प्रबंध चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तिसऱ्या प्रकरणात एक्स-रे डेन्सिटी, बल्क डेन्सिटी आणि सच्छिद्रता यांचा नीट तक्ता असतो. पाचव्या प्रकरणात डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटचे आलेख येतात, आणि तिथं त्या तक्त्याचं नावही निघत नाही. डोपंट वाढवला, कॉन्स्टंट घसरला, म्हणजे डोपंटचाच परिणाम. माझा आक्षेप या उडीवर आहे. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीतही तीच उडी आहे, हे आधीच कबूल करतो.

बीडसारख्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात काम कसं चालतं ते तुम्हाला पेट, नेट झाल्यावर कळेलच. कार्बोनेट आणि ऑक्साइड अगेटच्या खलात तासन्‌तास घोटायचे, पीव्हीएचे थेंब टाकून पेलेट दाबायची, मफल फर्नेसमध्ये ठेवायची आणि मधेच लाइट जाऊ नये म्हणून हात जोडायचे. सिंटरिंग अर्धवट राहिलं की दाण्यांमधली हवा आतच राहते. मग नमुना एक्सआरडीला पाठवतो, 'सिंगल फेज' असा निकाल येतो आणि निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. पण एक्सआरडी स्फटिकाची जाळी दाखवतं. पेलेट विटेसारखी घट्ट आहे की माठासारखी पाझरणारी, हे ते सांगत नाही.

आता आकडे बघा. बेरियम टायटॅनेटची एक्स-रे डेन्सिटी सुमारे 6.02 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. तुमच्या पेलेटची 5.42 आली तर सच्छिद्रता 10 टक्के. वाटतं, कॉन्स्टंटही 10 टक्केच घसरेल. तसं होत नाही. छिद्रातल्या हवेचा कॉन्स्टंट 1, पदार्थाचा हजाराच्या घरात. त्यामुळे विद्युत क्षेत्र छिद्रात एकवटतं आणि छिद्राच्या वर-खालचा पदार्थ जणू सावलीत राहतो, त्याचं पुरतं ध्रुवीकरण होत नाही. गोल, विखुरलेल्या छिद्रांसाठी ब्रुगमनच्या सूत्रानुसार घट सच्छिद्रतेच्या दीडपट, म्हणजे 15 टक्के. छिद्रं चपटी आणि क्षेत्राला आडवी असली तर आणखी जास्त.

समजा, x = 0.1 साठी कॉन्स्टंट 1200 आणि सच्छिद्रता 6 टक्के आहे; x = 0.2 साठी 1050 आणि 14 टक्के. दुरुस्ती करा: 1200 भागिले 0.91 म्हणजे साधारण 1319, आणि 1050 भागिले 0.79 म्हणजे 1329. गेला की डोपंटचा परिणाम! अर्थात ही दुरुस्ती म्हणजे शेवटचा शब्द नाही. सिंटरिंग बदललं की दाण्याचा आकारही बदलतो, आणि आर्ल्ट, हेनिंग्स व डी विथ यांनी 1985 मध्ये दाखवलं की बेरियम टायटॅनेटचा कॉन्स्टंट एक मायक्रोमीटरच्या आसपासच्या दाण्याला 5000 च्या जवळ जातो. घनता आणि दाणा दोन्ही एकदम बदलत असतील, तर एकाच गोष्टीला श्रेय कसं देणार?

उलटीही फसगत होते. उघड्या छिद्रांत पावसाळ्यात ओल शिरते, आणि 100 हर्ट्झला कॉन्स्टंट व लॉस दोन्ही फुगतात. असा फुगलेला आकडा 'उच्च डायइलेक्ट्रिक' म्हणून शोधनिबंधात जातो. गळक्या नमुन्याचा पी-ई लूपही गोलमटोल, देखणा दिसतो. जे. एफ. स्कॉट यांनी 2008 मध्ये याच चुकीची थट्टा करायला केळ्याच्या सालीचा लूप छापला होता, आणि केळं काही फेरोइलेक्ट्रिक नसतं!

सच्छिद्रता नेहमी शत्रू असते असंही नाही. पाण्याखालच्या हायड्रोफोनसाठी पीझेडटीत ती मुद्दाम ठेवतात, कारण कॉन्स्टंट कमी झाला की त्याच दाबाला व्होल्टेज जास्त मिळतं. पण तिथं ती ठरवून ठेवलेली आणि मोजलेली असते.

तुम्ही एवढं करा. व्हर्नियरवर विसंबू नका. पेलेटची कड तुटलेली असते आणि जाडी जेमतेम मिलिमीटरभर. आर्किमिडीजची पद्धत वापरा: कोरडं वजन, द्रवात लटकवून वजन, भिजवून पुसल्यावर वजन. काटा, बीकर, दोरा आणि दुपारचे दोन तास लागतात. या तीन वजनांतून उघडी सच्छिद्रताही वेगळी मिळते. मग पेलेट ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा आणि त्यानंतरच एलसीआर मीटरला लावा. आलेखाच्या प्रत्येक रेषेशेजारी त्या पेलेटची घनता लिहा. मी लिहिली तेव्हा माझ्या मालिकेतला सगळ्यात 'चांगला' नमुना निव्वळ सगळ्यात घट्ट निघाला, आणि गोषवाऱ्यातलं एक वाक्य खोडावं लागलं.