करार संपल्यावर हाती काय उरतं?

आजचा विषय आहे परदेशी कंपन्यांशी होणारे तंत्रज्ञानाचे करार. अशा कराराची बातमी येते तेव्हा फोटोत दोन माणसं हात मिळवताना दिसतात, मागे दोन देशांचे झेंडे असतात. करारात लिहिलंय काय, हे मात्र बातमीत सहसा नसतं. ते कसं वाचायचं, हे आज बघू. वर्ध्याशी नातं असलेली दोन उदाहरणं घेतो. एक चरख्याचं, दुसरं स्कूटरचं.

१९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. त्याचे खजिनदार होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. याच संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, देशी-परदेशी सगळ्याच संशोधकांसाठी. आता अटी ऐका. किंमत १५० रुपयांच्या आत. साध्या घरात हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. आठ तासांत १६,००० फूट सूत निघालं पाहिजे. यंत्र २० वर्षं टिकलं पाहिजे, आणि सुटे भाग बदलण्याचा खर्च वर्षाला ५ टक्क्यांवर जाता कामा नये. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची: बक्षीस हवं असेल तर पेटंट संघाच्या नावे करून द्यायचं.

मला विचाराल तर तंत्रज्ञान-कराराचा हा उत्तम मसुदा आहे. बाहेरच्यांना दार उघडं आहे, पण मालकी कुणाची आणि दुरुस्तीचा भार किती, हे आधीच ठरलंय. मात्र इथे कौतुक थांबवावं लागतं, कारण ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. किर्लोस्करांनी यंत्र पाठवलं होतं, तेही कसोटीला उतरलं नाही. अटी इतक्या आवळल्या की जोडीदारच मिळाला नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे बघताना आपण हे अपयश विसरतो.

आता स्कूटर. जमनालालजी १९४२ मध्ये गेले. १९४५ मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली. बछराज म्हणजे वर्ध्याचे ते शेठ, ज्यांच्या घरी जमनालालजी दत्तक आले. तीच पुढे बजाज ऑटो झाली आणि १९६०च्या सुमारास इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर वेस्पा बनवू लागली. १९७१ मध्ये तो परवाना संपला, त्याचं नूतनीकरण झालं नाही. १९७२ मध्ये ‘चेतक’ आली.

इथे आपली छाती फुगते. पण जरा थांबा. ‘चेतक’ म्हणजे वेस्पाच्याच आराखड्यावरची गाडी. बाजाराला परवाना-राजचं कुंपण होतं. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. गिऱ्हाईक दारात उभंच आहे म्हटल्यावर गाडी बदलायची घाई कुणाला असणार? स्कूटर परदेशात विकायची वेळ आली, तेव्हा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पियाजिओने खटले भरले. म्हणजे कारखाना आपल्याकडे आला होता, पण आराखडा काढणारा हात अजून तयार झाला नव्हता.

तो हात उशिरा तयार झाला. मधल्या काळात कावासाकीशी सहकार्य झालं, २००१ मध्ये ‘पल्सर’ आली. मग २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. लहान ‘ड्यूक’ गाड्या बनू लागल्या चाकणला. या वेळी प्रत्येकाकडे दुसऱ्याला हवं असलेलं काहीतरी होतं. त्यांच्याकडे रेसिंगचं ज्ञान आणि नाव, आपल्याकडे स्वस्तात आणि नेमकं बनवण्याची ताकद. २०२४च्या अखेरीस केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा तिला सावरायला पैसा घालणारी कंपनी बजाज होती. पुढच्या वर्षी ताबाही तिच्याकडे आला. एकेकाळी परवाना मागणारी कंपनी मालक झाली.

तुम्ही म्हणाल, मग तक्रार काय? तक्रार ही की कारखाने आकुर्डीला, वाळूजला, चाकणला, पंतनगरला गेले. वर्ध्याचं नाव कहाणीच्या पहिल्या पानावर राहिलं. सेवाग्रामला इंजिनियरिंग शिकलेली पोरं आजही पुण्याची गाडी पकडतात. दोष एका घराण्याचा म्हणत नाही मी. बंदर, सुटे भाग पुरवणारे, बाजार, सगळं तिकडे होतं. पण यशाचा हिशेब मांडताना चरख्याच्या अटींमधला तो प्रश्न आपण सोडून दिला: काम आणि दुरुस्ती वापरणाऱ्याच्या जवळ राहील का?

म्हणून उद्या नागपुरात किंवा इथे वर्ध्यात एखाद्या परदेशी सॉफ्टवेअर वा सौरऊर्जा कंपनीशी करार झाला, तर टाळ्या वाजवण्याआधी चार गोष्टी विचारा. आराखडा कुणाच्या नावावर आहे? बिघाड झाला तर इथला माणूस तो उघडू शकेल का? करार संपल्यावर आपल्याला काय करता येईल? आणि त्यांना आपली गरज नेमकी कशासाठी आहे? चौथ्याचं उत्तर ‘स्वस्त मजूर’ एवढंच आलं, तर तो करार दुसऱ्या स्वस्त गावात जायला वेळ लागणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.