अळी आणि तिचं पान

मारिया सिबिला मेरियन हे नाव आपल्या बायकांच्या बोलण्यात कधी येत नाही. जर्मनीनं मात्र युरो येण्याआधीच्या आपल्या ५०० मार्कच्या नोटेवर हिचा चेहरा छापला होता. १६४७ साली फ्रँकफुर्टमध्ये जन्म, १७१७ साली ॲमस्टरडॅममध्ये मृत्यू. मधल्या सत्तर वर्षांत हिनं अळ्या पाळल्या, त्यांची चित्रं काढली, पुस्तकं स्वतःच छापून विकली आणि वयाच्या ५२व्या वर्षी धाकट्या लेकीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, कशासाठी, तर तिथले किडे बघायला.

तिच्यावर हल्ली जे लिहून येतं, त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ती फुलं छान रंगवायची. दुसरा म्हणतो, तिनं एकटीनं विज्ञान बदललं. पहिल्यात तिला चुलीपाशीच बसवून ठेवलंय आणि दुसऱ्यात देव्हाऱ्यात. दोन्हीकडं तिचं पुस्तक कुणी उघडत नाही. म्हणून मी इथं पुस्तकाविषयीच बोलणार आहे.

आधी त्या काळची समजूत सांगते. किडे चिखलातून, घाणीतून, कुजलेल्या मांसातून आपोआप तयार होतात, असं युरोपात जुन्या ग्रीक पंडितांपासून मानत आले होते. अळी निराळी, फुलपाखरू निराळं. अळीला तर कुणी विचारतच नव्हतं. अशा काळात ही तेरा वर्षांची मुलगी घरात रेशीमकिडे पाळायला लागली. वडील ती तीन वर्षांची असतानाच गेले होते. सावत्र वडील फुलांची चित्रं काढणारे, त्यांच्याकडं ती रंग शिकली. रेशीमकिड्यावरून तिला वाटलं, याचं असं होतं तर बाकीच्या अळ्यांचंही होत असणार. मग दिसेल ती अळी घरी आणायची, ती काय खाते ते शोधायचं, रोज तो पाला पुरवायचा, कात कधी टाकली, कोष कधी केला, त्यातून काय निघालं, हे लिहून ठेवायचं. तिची ती टिपणवही आजही रशियात सेंट पीटर्सबर्गला जपून ठेवलेली आहे.

लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी हे सुटलं नाही. न्यूरेंबर्गमध्ये ती श्रीमंतांच्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची. तिचं पहिलं पुस्तक फुलांच्या चित्रांचं, बायकांना कशिद्याचे नमुने म्हणून उपयोगी पडणारं. १६७९ मध्ये मात्र तिनं अळ्यांचं पुस्तक काढलं. ५० चित्रं, आणि मजकूर पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, घरच्या जर्मनमध्ये. १६८३ मध्ये दुसरा भाग आला, त्यातही ५०.

आता तिच्या एका पानावर काय असतं ते बघा. मधोमध एक झाड, फुलाफळासकट. पानावर अंडी. जरा वर अळी, पान कुरतडत असलेली, आणि कुरतडल्याच्या कडाही दाखवलेल्या. फांदीला कोष. वर फुलपाखरू किंवा पतंग, एकदा पंख मिटून, एकदा पसरून. कधी मध्येच एखादी माशी, कारण त्या कोषातून फुलपाखराऐवजी माशीच बाहेर पडली. हे कसं झालं ते तिला उलगडलं नव्हतं, तरी तिनं ती माशी गाळली नाही.

किडे आपोआप जन्मत नाहीत, हे तिनंच पहिल्यांदा सिद्ध केलं असं सांगतात. ते खरं नाही. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडीनं मांस झाकून ठेवलं तर त्यात अळ्या होत नाहीत हे १६६८ मध्येच छापलं होतं, आणि हॉलंडमध्ये स्वामरडॅमही त्याच कामाला लागला होता. मेरियनचं काम वेगळं आहे. कोणती अळी कोणत्या झाडावर जगते, हे तिनं एका पानावर आणलं. बाकीचे जीव वेगळा काढून, कापून, भिंगाखाली धरून बघत होते. हिनं त्याला त्याच्या अन्नासकट बघितलं. झाड तोडलं की फुलपाखरू जातं, ही आज शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट तिच्या पानावर नुसती बघून कळते.

हे तिला कसं जमलं? मला वाटतं, यात तिच्या घरकामाचा वाटा मोठा आहे. अळी पाळणं म्हणजे तान्ह्या मुलाचं करण्यासारखंच. वेळेवर खाऊ घालायचं, ताजा पाला आणायचा, खालची घाण काढायची, रात्री उठून बघायचं. प्रयोगशाळेत येऊन-जाऊन हे होत नाही. घरात राहणाऱ्या माणसालाच होतं.

आणि इथं आपला, म्हणजे जैन घरातल्या बायकांचा, विषय निघतोच. आपण कोबीचं एकेक पान सुटं करून उजेडात धरतो. पीठ चाळतो, पाणी गाळतो, डाळी उन्हात घालतो, चातुर्मासात पालेभाजी बंद ठेवतो. आपल्या स्वयंपाकघरांइतक्या अळ्या फार थोड्या अभ्यासकांनी बघितल्या असतील. पण आपलं बघणं तिला बाजूला काढण्यापुरतं. अळी दिसली, हलक्या हातानं उचलली, परसात सोडली, संपलं. ती कुणाची, कोणत्या झाडाची, पुढं तिचं काय होणार, हे आपण विचारत नाही. कढीपत्त्यावरची अळी तुळशीत नेऊन सोडली तर ती उपाशी मरेल. जीव वाचवायचा तर त्याचं पान कोणतं ते माहीत हवं. मेरियनच्या पुस्तकाचा आपल्याला सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो.

पाठशाळेत शिकलेलं एक कोडंही तिच्या पानावर पुन्हा पुढ्यात येतं. आपल्याकडं जन्माचे तीन प्रकार सांगितलेत, संमूर्च्छन, गर्भ आणि उपपाद. किडे-कीटक संमूर्च्छनात धरतात. मेरियन तर अंडी दाखवते. शिवाय जीव इंद्रियांवरून मोजायचे, तर रांगणारी अळी आणि उडणारं फुलपाखरू एकाच आयुष्यातला एकच जीव, त्याला कुठं मोजायचं? यावर घाबरून जायचं कारण नाही आणि शास्त्र खोटं ठरलं म्हणून टाळ्या पिटायचंही नाही. ती मोजणी दया कुठवर न्यायची हे सांगण्यासाठी होती, आणि ती मुंगीच्याही खाली, पाण्याच्या थेंबापर्यंत नेलेली आहे. मात्र डोळ्यांना दिसणारी अंडी नाकारूनही चालायचं नाही. हा प्रश्न आपल्या मुली विचारणार, तेव्हा त्यांना गप्प बसवू नये एवढं मला वाटतं.

आता सुरिनामचं पुस्तक. १६८५च्या सुमारास मेरियन नवऱ्याला सोडून, आई आणि दोन्ही मुलींसह, हॉलंडच्या उत्तरेला एका धर्मपंथाच्या वस्तीत राहायला गेली. खासगी मालमत्ता नाही, साधी राहणी, असा तो पंथ. नवरा न्यायला आला, ती गेली नाही. १६९१ मध्ये वस्ती सोडून ती ॲमस्टरडॅमला आली. तिथं श्रीमंतांच्या घरी परदेशी किड्यांचे संग्रह होते, काचेत टाचलेले, चमकदार. तिनं ते बघितले आणि तिला उणीव जाणवली. हे जन्मतात कसे, खातात काय, याची त्यात कसलीच खूण नव्हती. मेलेल्यांच्या पेट्या बघून ती जिवंत बघायला निघाली. १६९९ मध्ये आपली चित्रं विकून तिनं प्रवासाचा पैसा उभा केला. सुरिनाम तेव्हा डचांच्या ताब्यात, सगळीकडं उसाचे मळे. मळेवाले तिला हसायचे, या देशात साखर सोडून ही बाई दुसरं काय शोधतेय! दोन वर्षांनी आजारी पडून ती परतली. १७०५ मध्ये ६० चित्रांचं मोठं पुस्तक निघालं, 'मेटामॉर्फोसिस इन्सेक्टोरम सुरिनामेन्सियम', सुरिनामच्या किड्यांची रूपांतरं.

यातलं १८वं चित्र गाजलेलं. पेरूची फांदी, तिच्यावर लव असलेला प्रचंड कोळी, त्याच्या पायाखाली एक इवलासा पक्षी. एकोणिसाव्या शतकात काही जाणत्यांनी ही बाईची कल्पना म्हणून उडवून लावली. पुढं १८६३ मध्ये हेन्री बेट्स यानं ॲमेझॉनच्या जंगलात असा कोळी पक्ष्यावर बसलेला पाहिल्याचं लिहिलं, तेव्हा कुठं तिच्यावर विश्वास बसला. पण म्हणून तिचं सगळंच खरं धरू नये. त्याच चित्रात त्या पक्ष्याच्या घरट्यात चार अंडी आहेत. हा पक्षी दोनच घालतो. आणखी एका किड्याविषयी ती म्हणते की त्याचा उजेड वाचता येईल एवढा पडतो; तो किडा मुळी चमकतच नाही. जिथं तिनं अंड्यापासून स्वतः वाढवलं तिथं ती पक्की आहे. घाईत पाहिलेलं किंवा ऐकलेलं जिथं आलं तिथं ती घसरते.

माझं मन मात्र ४५व्या चित्राशी अडतं. त्यावरचं झाड आपल्या ओळखीचं, शंकासुर. बेळगावात कितीतरी घरांच्या कुंपणाला तांबडा-पिवळा फुललेला असतो. अमेरिकेतून आलेलं झाड हे. चित्रात त्याच्यावर हिरवी अळी आणि मोठा पतंग. शेजारच्या मजकुरात मेरियन लिहिते की डच मालक नीट वागवत नाहीत म्हणून इथल्या गुलाम बायका या झाडाच्या बिया खाऊन गर्भ पाडतात, आपली मुलं गुलाम व्हायला नकोत म्हणून. आणि हे त्यांनी स्वतः मला सांगितलं. किड्यांच्या पुस्तकात हे लिहायची गरज नव्हती. मळेवाल्यांनी तर ते कधीच लिहिलं नसतं. त्या बायकांनी हे एका परक्या गोऱ्या बाईला सांगितलं, आणि तिनं ते जसंच्या तसं छापलं, याची किंमत मी फार मोठी मानते. अहिंसा मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी गर्भपात म्हटलं की लगेच निवाडा देऊ नये, आधी ती साखर कुणाच्या जिवावर पिकत होती ते विचारावं.

पण इथंच तिचं बघणं थांबतंही. तिच्या हाताखाली गुलाम माणसं होती. ती जंगलात वाट तोडायची, अळ्या आणून द्यायची, झाडाचे उपयोग सांगायची. परतताना एक मूळनिवासी बाई ती बरोबर ॲमस्टरडॅमला घेऊन आली. पुस्तकात यांतल्या एकीचंही नाव नाही. अळीचं झाड कोणतं ते जिनं जिवाच्या आकांतानं शोधलं, तिनं या बायका कोणत्या घरातल्या, कोणत्या गावच्या हे विचारलेलं दिसत नाही. एक अळी तिच्या पानासकट दिसते. ती आणून देणारी बाई मात्र संग्रहातल्या टाचलेल्या किड्यासारखी, मागचं-पुढचं काही नसलेली.

आणि ती जीव मारायची, हेही सांगायला हवं. फुलपाखरू पंख न बिघडता चटकन मरावं म्हणून सुई तापवून टोचायची, असं तिनं एका पत्रात लिहून ठेवलंय. सुरिनामहून साप, सरडे दारूत घालून आणले आणि विकले, कारण पोट त्यावरच होतं. काळच तसा होता म्हणून हे सोडून द्यायला मी तयार नाही, आणि त्यावरून तिचं पुस्तक मिटायलाही तयार नाही. फुलपाखराचा सगळा जन्म जिनं इतक्या मायेनं जपला, तिलाच ते मारताना काही वाटलं नसेल? पुस्तकात याचं उत्तर नाही. बघणं आणि दया एकमेकींच्या जवळच्या, पण एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. मेरियनकडं पहिली भरपूर होती. आपल्याकडं दुसरी वाडवडिलांपासून आलेली आहे, आणि पहिलीत आपण कमी पडतो.

आज तिच्यासारखं बघायला सुई लागत नाही. परसात लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं झाड असलं तर पावसाळ्यात त्याची पानं उलटून बघा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक काळी-पांढरी अळी सापडेल. औषध मारू नका, उचलूनही टाकू नका. चार पानं खाऊ द्या, आणि रोज काय दिसलं ते एका वहीत तारीख घालून लिहा. आणि ती अळी शेजारच्या मुलीनं दाखवली असेल, तर तिचंही नाव लिहा.