ज्येष्ठतेचा परवाना : माध्यमिक शाळांतील मुख्याध्यापकपदाची पात्रता व प्रशिक्षण – एक चिकित्सा

वकिलाला सनद लागते, वैद्याला नोंदणी लागते, शिक्षकालाही बी.एड. व आता पात्रता परीक्षा लागते. शाळेच्या प्रमुखाला मात्र शाळा चालविण्याचे कोणतेही स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागत नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांवर राज्यातील खाजगी माध्यमिक शाळांचा सेवाविषयक व्यवहार उभा आहे. नियमावलीतील नियम ३ मुख्याध्यापकाची पात्रता सांगतो. उमेदवार पदवीधर असावा, त्याच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी असावी, पदवीनंतर किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव असावा आणि त्यापैकी दोन वर्षे बी.एड. नंतरची असावीत. या अटी पूर्ण करणाऱ्यांमधून, अनुसूची ‘फ’ नुसार जो सर्वांत ज्येष्ठ आणि ज्याचा सेवाभिलेख समाधानकारक, त्याची नेमणूक संस्थेने करावयाची आहे. शैक्षणिक प्रशासन, वित्त, सेवाविधी, मूल्यमापनाचे नियोजन यांपैकी कशाचाही उल्लेख या नियमात नाही. व्यवहारात राज्याने मुख्याध्यापकाला दिलेला परवाना हा ज्येष्ठतेचाच परवाना आहे.

या व्यवस्थेवर टीका करणे सोपे आहे व ती वारंवार होतेही. ‘मुख्याध्यापकपद हे वयाचे बक्षीस झाले आहे’ हे वाक्य संस्थाचालकांच्या बैठकांतून नेहमी ऐकू येते. परंतु हा नियम का आला, हे विसरून केलेली टीका अपुरी ठरते. कर्मचाऱ्याला सेवेची सुरक्षितता व स्थैर्य लाभावे आणि त्यामुळे विद्यार्थी व पालक यांच्याप्रती असलेले कर्तव्य त्याला नीट बजावता यावे, हा १९७७ च्या अधिनियमाचा घोषित हेतू आहे. ज्या काळात संस्थेच्या अध्यक्षांची मर्जी हीच पदोन्नतीची कसोटी ठरू शकत होती, त्या काळाला ज्येष्ठता हे उत्तर होते. ज्येष्ठता मोजता येते, तिची यादी लावता येते, तिच्याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ‘नेतृत्वगुण’ मोजता येत नाहीत. ‘गुणवत्तेनुसार निवड’ हा शब्दप्रयोग ऐकून शिक्षक संघटना सावध होतात, यात त्यांचा केवळ हटवादीपणा पाहणे अन्यायाचे होईल.

प्रश्न आहे तो पदाच्या आजच्या स्वरूपाचा. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात, तो विशेष स्पष्ट दिसतो. येथील अनेक संस्थांच्या एकाच इमारतीत दोन शाळा नांदतात. एक अनुदानित मराठी माध्यमाची, पटसंख्या घटत चाललेली. दुसरी विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची, प्रवेशासाठी रांग असलेली. एका दारावर ‘मुख्याध्यापक’ अशी पाटी, तर दुसऱ्यावर ‘प्रिन्सिपल’. मैदान, प्रयोगशाळा व शिपाई यांची वाटणी कशी करावयाची, हा दैनंदिन तंट्याचा विषय असतो. मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाने शालार्थ प्रणालीत वेतन देयके भरावयाची, यू-डायस प्लसवर माहिती चढवावयाची, पोषण आहाराचा हिशेब ठेवावयाचा, शिक्षण निरीक्षक कार्यालयाच्या पत्रांना मुदतीत उत्तरे द्यावयाची आणि पटासाठी वस्तीत फिरावयाचे. यांपैकी कोणत्याही कामाची तयारी वीस-पंचवीस वर्षे भूगोल किंवा संस्कृत उत्तम शिकवून होत नाही.

सर्वांत महाग पडते ते सेवाविधीचे अज्ञान. नियमावलीने मुख्याध्यापकाकडे शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिण्याचे काम दिले आहे. हा अहवाल प्रतिकूल असेल तर तो कर्मचाऱ्यास कळवावा लागतो व त्याचे म्हणणे ऐकावे लागते. एखाद्या सहकाऱ्याविरुद्ध गंभीर आरोप उद्भवला तर विभागीय चौकशीची पद्धती अत्यंत काटेकोर आहे. सहायक शिक्षकाच्या बाबतीत चौकशी समितीत संस्थेचा एक प्रतिनिधी, कर्मचाऱ्याने सुचविलेला एक सदस्य आणि राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतून निवडलेला एक सदस्य असावा लागतो. आरोपपत्र, खुलासा, साक्षी, मुदती यांपैकी एक टप्पा चुकला तरी पुढे न्यायाधिकरणात संपूर्ण कारवाई कोसळू शकते. तेव्हा दोषी सुटतो, किंवा निर्दोषाला वर्षानुवर्षे निलंबनाच्या सावलीत राहावे लागते. दोन्ही बाजूंनी नुकसान वर्गातील मुलांचे होते, कारण त्या काळात त्यांच्यासमोर शिक्षक नसतो. पहिले ज्ञापन बहुधा मुख्याध्यापकाच्या सहीने निघते. ते कसे लिहावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. कार्यालयातील अनुभवी लिपिक सांगेल तसे ते लिहिले जाते. उपनगरांतील कित्येक शाळांचे खरे प्रशासक हे लिपिकच आहेत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

शिक्षणाची सोयच नाही, असे मात्र नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, शिक्षकांच्या बोलीत ‘डी.एस.एम.’, ही अनेक वर्षे परिचित आहे. नोकरी सांभाळून, रविवारच्या संपर्कसत्रांना बसून हजारो शिक्षकांनी ती घेतली. विद्याविहारच्या सोमय्या संकुलातील किंवा जुहूच्या सूरजबा शिक्षणशास्त्र महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे शिक्षणशास्त्राचे अध्ययन उपनगरवासीयांच्या हाताशी आहे. एम.एड. च्या अभ्यासक्रमात शैक्षणिक व्यवस्थापन हा विषय असतो. तथापि नियम ३ मध्ये वा अनुसूची ‘फ’ मध्ये यांपैकी कशालाही स्थान नाही. बी.एड. होऊन प्रवर्गात आलेला शिक्षक आणि त्याच दिवशी प्रवर्गात येऊन पुढे डी.एस.एम., एम.एड. झालेला शिक्षक यांच्या ज्येष्ठतेत या शिक्षणाने एका दिवसाचाही फरक पडत नाही. परिणामी ही पदविका नावापुढील अक्षरांपुरती उरते.

आशयाचाही विचार व्हावयास हवा. शैक्षणिक व्यवस्थापनाची आपल्याकडील पाठ्यपुस्तके फेयोलची तत्त्वे आणि ग्युलिकचे ‘पोस्डकॉर्ब’ यांपासून सुरुवात करतात. फेयोलने आपले विवेचन १९१६ मध्ये एका खाण कंपनीच्या अनुभवावर मांडले. ग्युलिकचा आराखडा १९३७ चा व शासनयंत्रणेसाठीचा. त्यांचा अभ्यास करू नये असे नाही. पण विद्यार्थ्याला नियोजन-संघटन-नियंत्रण अशी साखळी पाठ होते आणि अनुसूची ‘फ’ ची टीप वाचून दोन शिक्षकांतील ज्येष्ठता ठरविता येत नाही, ही अवस्था चिंतनीय आहे. डी.एड. होऊन लागलेला आणि सेवेत असताना बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक ज्येष्ठ, की त्याच्यानंतर थेट बी.एड. होऊन आलेला, या एका प्रश्नाने राज्यातील किती शाळांचे स्टाफरूम दुभंगले आहेत, हे या क्षेत्रातील प्रत्येकास ठाऊक आहे.

राष्ट्रीय पातळीवर प्रयत्न जुने आहेत. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शैक्षणिक प्रशासकांसाठी राष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली होती. त्या दिशेने वाढलेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत २०१२ मध्ये शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले आणि २०१४ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला. हा आराखडा मुख्याध्यापकाला परिवर्तनाचा नेता मानतो: शिक्षण-अध्ययन प्रक्रिया, संघबांधणी, नवोपक्रम, भागीदारी अशी त्याची क्षेत्रे आहेत. त्यातील दृष्टी निश्चितच उदार आहे. परंतु तो गृहीत धरतो की मुख्याध्यापकाला शिक्षक निवडण्याचा, निधी वळविण्याचा, वेळापत्रक बदलण्याचा काही अधिकार आहे. अनुदानित शाळेत शिक्षक कोण येणार हे संचमान्यता आणि अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन ठरविते, वेतन शासन देते आणि सही संस्थेच्या सचिवांची लागते. अधिकार नसलेल्या माणसाला नेतृत्वाचे प्रशिक्षण दिले की त्याच्या वाट्याला अपराधभाव तेवढा येतो. छत्रपती संभाजीनगर येथील ‘मीपा’ ही राज्याची संस्था नियमांच्या भूमीशी अधिक जवळची. तरी तेथे पोहोचणारा मुख्याध्यापक हा आधीच पदावर बसलेला असतो. २०१९ च्या ‘निष्ठा’ उपक्रमात शाळाप्रमुखांसाठी वेगळे घटक होते आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शाळाप्रमुखांसाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. या सर्व योजना पदग्रहणानंतरच्या आहेत. वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या आणि ज्येष्ठतेने ५५ व्या वा ५६ व्या वर्षी पद मिळणाऱ्या व्यक्तीला त्यांचा उपयोग किती, हे निराळे सांगावयास नको.

पाश्चात्त्य अनुभवाकडे पाहताना आपल्या लेखनात एक भाबडेपणा आढळतो. ‘तेथे परवाना लागतो, म्हणून येथेही लागावा’ एवढ्यावर युक्तिवाद थांबतो. इंग्लंडमध्ये मुख्याध्यापकांसाठीची राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता १९९७ मध्ये सुरू झाली, पुढे नव्या मुख्याध्यापकांसाठी सक्तीची झाली आणि २०१२ मध्ये ती सक्ती काढून घेण्यात आली. अमेरिकेत राज्यागणिक परवाने आहेत, त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमांची मोठी बाजारपेठ आहे. आणि आर्थर लेव्हिन यांनी २००५ च्या अहवालात याच अभ्यासक्रमांच्या दर्जावर कठोर आघात केले. अनेक शिक्षक केवळ वेतनवाढीसाठी ही पदवी घेतात, हा त्यांचा एक आक्षेप होता. कागदी पदवी सक्तीची केली की कागद विकणारे उभे राहतात, हे महाराष्ट्राला डी.एड. महाविद्यालयांच्या पिकावरून समजावयास हवे होते.

येथे महाविद्यालयीन अध्यापकांनी आपल्या अंगणातही डोकावावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्राचार्यपदासाठी पीएच.डी., पंधरा वर्षांची सेवा, दहा संशोधन प्रकाशने आणि ११० संशोधन गुणांक मागितले. त्यात प्रशासनाच्या शिक्षणाचा मागमूस नाही. शाळेत ज्येष्ठता, महाविद्यालयात संशोधन. कसोटी बदलली, पोकळी तीच राहिली.

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निर्णयाने पात्रतेचा मुद्दा नव्याने पुढे आला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेतील वर्गांना शिकविणाऱ्या, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगण्यात आले. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरी राखता येईल, पण परीक्षेविना पदोन्नती मिळणार नाही. म्हणजे पदोन्नतीपूर्वी पात्रता सिद्ध करावी, हे तत्त्व प्रस्थापित झाले. परंतु ही परीक्षा बालमानसशास्त्र, भाषा, गणित यांची आहे. शाळा चालविण्याच्या क्षमतेविषयी ती काहीही सांगत नाही.

वास्तविक ज्येष्ठतेच्या व्यवस्थेतच एक दुर्लक्षित सोय दडलेली आहे. ज्येष्ठता यादी दरवर्षी लागते. त्यामुळे पुढील पाच-सात वर्षांत कोणत्या शाळेत कोण मुख्याध्यापक होणार, हे बहुतेक ठिकाणी आजच सांगता येते. कोणत्याही खाजगी कंपनीला आपल्या भावी अधिकाऱ्यांची इतकी नेमकी यादी उपलब्ध नसते. यादीतील पहिल्या तिघांना, पद रिक्त होण्याच्या आधीच, एका निश्चित अभ्यासक्रमातून जाणे बंधनकारक केले तर ज्येष्ठतेला धक्का लागत नाही आणि व्यवस्थापनाच्या मर्जीला वावही मिळत नाही. त्यासाठी नियम ३ च्या पात्रतेत एका अटीची भर पुरेशी आहे. नियमावली ही शासनाची निर्मिती असल्याने मूळ अधिनियमाला हात लावण्याची गरज नाही. मात्र ही अट लगेच लागू न करता पाच वर्षांची सवलत द्यावी लागेल. अन्यथा यादीतील पहिला वगळून चौथ्याला आणण्याचे ते हत्यार ठरेल.

या मार्गाचा आणखी एक लाभ उपनगरांच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती भाषिक संस्था, अंधेरी परिसरातील ख्रिस्ती संस्था अशा अल्पसंख्याक व्यवस्थापनांना अधिनियमाच्या कलम ३(२) ने प्रमुखाच्या निवडीत मोकळीक दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मलंकारा सिरियन कॅथॉलिक कॉलेज प्रकरणात हा निवडीचा अधिकार मान्य केला, परंतु विहित किमान पात्रतेची अट त्यातून सुटलेली नाही. निवडीची पद्धत शासन लादू शकत नाही. पात्रता ठरवू शकते. म्हणजे ज्येष्ठतेचा नियम जेथे पोहोचत नाही तेथेही पात्रतेची अट पोहोचविण्याचा मार्ग खुला आहे.

अडचण उरते ती पदाच्याच अस्तित्वाची. २८ ऑगस्ट २०१५ आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयांनी संचमान्यतेचे निकष पटाशी घट्ट बांधले आहेत. पट विशिष्ट मर्यादेखाली गेला की मुख्याध्यापकाचे पदच मंजूर होत नाही. मग एखादा शिक्षक ‘प्रभारी’ म्हणून सह्या करतो, पूर्ण तासिका घेतो आणि दुपारनंतर कार्यालयात बसतो. त्याला ना पदाचे वेतन, ना त्या पदाची विहित पात्रता लागू. पट घसरलेल्या मराठी शाळांची गाठ आता अधिकाधिक अशा प्रभारींशीच पडणार आहे. नियम ३ मध्ये उद्या अभ्यासक्रमाची अट आली तरी या प्रभारीला तिच्या कक्षेत आणण्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागेल, आणि त्या अभ्यासक्रमाचे शुल्क व अध्ययन रजा कोणाच्या खर्चाने, हेही त्याच तरतुदीत लिहावे लागेल.