लग्नाचा खर्च कोणी केला?

लग्नावरच्या चांगल्या मराठी चित्रपटांची यादी कोणीही करायला बसले तरी काही नावे ठरलेली असतात. १९३७ चा ‘कुंकू’, १९६१ चे ‘मानिनी’ आणि ‘प्रपंच’, १९७० चा ‘मुंबईचा जावई’, १९७७ चा ‘जैत रे जैत’, १९८२ चा ‘उंबरठा’, मग ‘कळत नकळत’, ‘दोघी’, ‘तू तिथं मी’. यादी चांगलीच आहे, तिच्यातले एकही नाव गाळावे असे नाही. पण ती डहाणू-तलासरीच्या बाजूने वाचायला घेतली की एक गोष्ट खटकू लागते. मनाविरुद्ध झालेले लग्न, लग्नात घुसमटलेली बाई, लग्नाबाहेर गेलेला पुरुष, म्हातारपणी मुलांनी ताटातूट केलेले जोडपे, एवढे सगळे या चित्रपटांत येते. ते लग्न लावायला लागलेला पैसा कुठून आला, कोणी दिला आणि त्याने तो कसा वसूल केला, हे मात्र जवळजवळ कोणी विचारत नाही. लग्नाकडे मराठी चित्रपटाने मनाचा आणि घराचा प्रश्न म्हणून पाहिले. तो कर्जाचाही प्रश्न आहे, ही गोष्ट त्याने सुरुवातीला एकदा ओळखली आणि नंतर पुष्कळ काळ बाजूला ठेवली, असे माझे म्हणणे आहे.

डहाणूच्या बाजूने वाचायचे, याला कारण आहे. या पट्ट्यात लग्नाच्या कर्जातून एक अख्खी गुलामी उभी राहिली होती आणि तिला नावही लग्नाचेच होते. वारली तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून शे-दोनशे रुपये उचलायचे आणि ते फेडण्यासाठी त्याने आणि त्याच्या बायकोने जमीनदाराच्या घरी, शेतावर, गवतावर राबायचे. हिशेब जमीनदाराचा, वही जमीनदाराची. त्यामुळे कर्ज फिटत नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी आदिवासी भागाची पाहणी करणाऱ्या सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने ही पद्धत नोंदवली. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे किसान सभेच्या मेळाव्यात हजारो वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी बंद करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात हे सारे आले आहे. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ते वाचले गेले आणि अजूनही वाचले जाते. म्हणजे मराठी वाचकाला ही हकिगत ठाऊक होती. ती मराठी प्रेक्षकापर्यंत पोहोचली नाही.

आता ‘कुंकू’ पाहा. सिमिंग्टनची पाहणी आणि प्रभातचा हा चित्रपट साधारण एकाच काळातले. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला. शांता आपटे यांची नीरा फसवून एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात मारली जाते आणि ती फसवणूक पैशासाठी असते. मामाने भाचीचा सौदा केलेला आहे, हे शांताराम लपवत नाहीत. नीराचा सगळा नकार त्या सौद्यावरच उभा आहे. आपला व्यवहार झाला तो आपल्याला न विचारता, म्हणून तो आपल्यावर बंधनकारक नाही, अशी तिची भूमिका आहे. कायद्याच्या भाषेत बोलणारी अशी नायिका मराठी पडद्यावर पुन्हा क्वचितच दिसली. पार्श्वसंगीत टाळून भिंतीवरचे घड्याळ, भांडी, काठी यांच्या आवाजावर शांतारामांनी हे घर उभे केले, त्याचे कौतुक नेहमी होते आणि ते योग्यच आहे. पण चित्रपट पुढे सरकतो तसा पैसा मागे पडतो आणि काकासाहेबांची सदसद्विवेकबुद्धी पुढे येते. केशवराव दात्यांनी तो पालट इतका उत्तम केला आहे की सौदा करणाऱ्या मामाचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उरत नाही. काकासाहेब आत्महत्या करून नीराला मोकळी करतात. व्यवहारातून सुरू झालेली गोष्ट उपरतीत संपते. पुढच्या चित्रपटांनी ‘कुंकू’कडून ही उपरतीच उचलली, सौदा उचलला नाही.

नंतरची वाट भराभर चालून जाता येते. ‘मानिनी’त श्रीमंत घरची मुलगी गरिबाघरी येते, पण तिथली गरिबी मुख्यतः तिच्या स्वाभिमानाची कसोटी पाहण्यासाठी आहे. ‘प्रपंच’मध्ये कुंभाराच्या घरातली ओढग्रस्ती खरी आहे, मात्र तिचे खापर पोरांच्या संख्येवर फुटते, कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचा तो काळ. ‘मुंबईचा जावई’ मला यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे लग्नाचा अडसर म्हणजे चाळीतली अपुरी जागा, आणि नवविवाहितांना दाराआडचा एक कोपरा मिळत नाही ही विनोदाची बाब असली तरी ती पूर्णपणे भौतिक बाब आहे. ‘उंबरठा’ हा या परंपरेतला सर्वांत धारदार चित्रपट. स्मिता पाटीलची सुलभा नवऱ्याचे घर सोडते तेव्हा तिच्यामागे वकिलाचे सुखवस्तू घर असते, आणि घराबाहेर पडण्याची किंमत तिला नात्यांत मोजावी लागते. हा दोष नाही. शांता निसळ यांची कादंबरी आणि तेंडुलकरांची पटकथा ज्या वर्गाबद्दल बोलतात, त्या वर्गात किंमत अशीच मोजली जाते. पण एका वर्गाचा उंबरठा प्रत्येक मराठी बाईचा उंबरठा मानण्याची सवय समीक्षेला लागली, तिथे मात्र गफलत झाली.

डहाणूत पैशाचा ओघच उलटा आहे. आपल्या चित्रपटांत मुलीचा बाप हुंड्यापायी खचतो. वारली समाजात देज मुलाकडचे देतात. खचायचे ते मुलाने. मुलगी कष्टकरी असते, तिच्या माहेरून दोन हात कमी होतात, म्हणून देज. याने बाई स्वतंत्र झाली असे समजू नये. पैसे मोजणारा मालकी सांगतोच, आणि पैसे उसने देणारा जमीनदार तर नवरा-बायको दोघांवरही मालकी सांगत असे. तरीही नाट्याची सगळी मांडणी इथे बदलते. ओझे म्हणून वाढलेली, नशिबाला दोष देत सोसणारी सासुरवाशीण या मांडणीत बसत नाही.

‘जैत रे जैत’ हे माझ्या म्हणण्याला उत्तर आहे, असे कोणी म्हणेल. काही अंशी आहेच. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतली चिंधी नवऱ्याला सोडते आणि नाग्याला निवडते, तेव्हा शहरी प्रेक्षकाला तिच्यात बंडखोर नायिका दिसली. तिच्या ठाकर समाजात नको असलेला नवरा सोडणे हे बंड नसून रूढीत बसणारी गोष्ट होती. जब्बार पटेलांनी ते फार न समजावता दाखवले, हे त्यांचे मोठेपण. पण त्या डोंगरात सावकार कुठे आहे? राणीमाशी आहे, लिंगोबाचा डोंगर आहे, महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचे संगीत आहे. माणसाचे निसर्गाशी वैर त्यात आले, माणसाचे माणसाशी असलेले देणे आले नाही. दांडेकरांना सांगायची कथा वेगळी होती हे मान्य. मात्र आदिवासी लग्नाचे म्हणून आपण वर्षानुवर्षे त्याच एका चित्रपटाचे नाव घेत आलो, ही निवड आपली आहे.

वारली लग्नात आणखी एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे पटकथेचा ठरलेला साचा टिकत नाही. खर्च झेपत नाही म्हणून अनेक जोडपी आधी संसार मांडतात आणि लग्नविधी पुढे कधीतरी, पैसा जमला की करतात. कधीकधी त्या मांडवात त्यांची मुलेही असतात. या भागात सामुदायिक विवाह सोहळे होतात तेव्हा अशी जोडपी पुढे येतात. मंगलाष्टकांनी सुरू होणाऱ्या किंवा मंगलाष्टकांवर संपणाऱ्या आपल्या चित्रपटाला हे झेपणार कसे? वास्तविक त्यात करुण आणि विनोदी दोन्ही गोष्टींना भरपूर जागा आहे. विधी लावणारी धवलेरी बाई असते, तिची गाणी लांबलचक असतात, सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी नवरा-नवरी नसून पालघाट देवी असते. भोवती झाडे, सूर्य, चंद्र, फणी, शिडी. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज त्या आकृत्या शहरातल्या लग्नपत्रिकांवरही असतात. चौक पत्रिकेपर्यंत आला, चौक लिहायला लावणारे लग्न पडद्यापर्यंत आले नाही. आणि तेही कुठे, तर तलासरी १९६० पर्यंत ज्या तालुक्यात होती त्या उंबरगावात रामानंद सागरांनी ‘रामायण’ मालिका चित्रित केली असताना. देशभर पाहिलेले सीतास्वयंवर हाकेच्या अंतरावर उभे राहिले.

चित्रपट म्हणजे समाजशास्त्राचा अहवाल नव्हे, हा आक्षेप येणारच. कर्जाचे आकडे पडद्यावर दाखवायचे कसे? याला उत्तर १९८० सालीच मिळाले आहे, फक्त ते हिंदीत आहे. गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’ची कथा-पटकथा तेंडुलकरांची. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी मजूर लहान्या भिकू जवळजवळ चित्रपटभर तोंड उघडत नाही. त्याचा आणि नागीचा संसार थोड्याच आठवणींत दिसतो, पण गावातल्या वजनदार माणसांना त्या झोपडीचे दार कसे कधीही ढकलता येते, हे कळायला तेवढे पुरते. गरिबाच्या लग्नाला भिंती नसतात, ही गोष्ट कोणत्याही मराठी चित्रपटापेक्षा ‘आक्रोश’ने अधिक नेमकी सांगितली. (त्यातल्या वकिलाचे नाव भास्कर कुलकर्णी. डहाणूच्या वारल्यांच्या हाती कागद आणि रंग देणाऱ्या चित्रकाराचेही नाव तेच. योगायोगच असावा.) तेंडुलकरांनी ‘उंबरठा’ही लिहिला आणि ‘आक्रोश’ही, मराठीत उंबरठा आला, झोपडी हिंदीत गेली.

हे सारे जुने झाले, वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली, असेही म्हटले जाईल. लग्नगडी संपला, आणि तो कायद्याच्या बराच आधी वारल्यांनी स्वतः संपवला. परंतु पावसाळा सरला की डहाणू-तलासरीकडची आदिवासी कुटुंबे अजूनही वीटभट्ट्यांवर जातात आणि मालकाकडून आधी उचल घेऊन जातात. त्या उचलीत कुणाच्या ना कुणाच्या लग्नाचा खर्च असतो. विषय जुना नाही.

तो पडद्यावर परतूही लागला आहे. ‘दोघी’मध्ये मोडलेल्या लग्नामागोमाग गरिबी एका मुलीला मुंबईला पाठवते. त्यानंतर जयंत सोमलकरांच्या ‘स्थळ’ने २०२३ साली चंद्रपूरकडच्या कापूस शेतकऱ्याच्या घरात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुन्हापुन्हा दाखवला आणि कापसाचा भाव व मुलीचे लग्न एकाच वाक्यात आणले. ‘कुंकू’नंतर लग्नाचा हिशेब इतका उघडा मांडणारा मराठी चित्रपट मला दुसरा आठवत नाही, आणि उपरतीचा आधार न घेण्यात तो ‘कुंकू’च्याही पुढे आहे. मात्र तो विदर्भातला, हुंड्याचा, मुलीच्या बापाचा हिशेब आहे. देजाचा आणि उचलीचा हिशेब मांडणाऱ्याला कथा शोधत फिरावे लागणार नाही. गोदावरीबाईंचे पुस्तक बाजारात मिळते.