गुणवत्तेचा क्रम आणि गुणवत्तेचे अंतर

सर्व दिशांना पसरलेली चित्रफीत आंतरजालावरून पाठविताना एक अडचण प्रथमच मान्य करावी लागते. प्रेक्षकाभोवतीचे संपूर्ण क्षितिज ७६८० चित्रबिंदूंच्या रुंदीत बसविले, तरी समोरच्या ९० अंशांच्या वाट्याला त्यांपैकी १९२० बिंदूच येतात. ३८४० बिंदूंच्या चित्रात तर अवघे ९६०. बाकीचे चित्र त्या क्षणी कोणी पाहतच नाही. म्हणून चित्राचे तुकडे पाडावयाचे, दृष्टीसमोरचे तुकडे उच्च प्रतीचे व उरलेले हलक्या प्रतीचे मागवावयाचे, ही योजना पुढे आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओमाफ’ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाने तिला शिस्त लावली. मोठे चित्र उलगडण्याची शक्ती ज्या फोनाच्या डिकोडरात नाही, त्यालाही निवडक तुकडे एकाच प्रवाहात जोडून समोरचा तपशील दाखविता येतो. हे ह्या मानकाचे खरे यश होय.

मात्र त्याची परिभाषा तपासून पाहण्याजोगी आहे. गोलाच्या निरनिराळ्या प्रदेशांना जो ‘गुणवत्ता-क्रम’ देता येतो, त्यात लहान अंक चांगली प्रत दर्शवितो. शून्य म्हणजे प्रत अनिर्दिष्ट. हा अंक क्रमवाचक आहे, परिमाणवाचक नव्हे. पहिल्याहून दुसरा किती उणा, ह्याविषयी तो मुका आहे. परीक्षेतील पहिल्या व दुसऱ्या विद्यार्थ्यांत एका गुणाचे अंतर असते, तसे वीस गुणांचेही असू शकते.

ज्या उपकरणाला सर्वच तुकडे उत्तम प्रतीचे मागविता येतात, त्याला ह्या मौनाची झळ लागत नाही. निवड करण्याची पाळी येते ती दुर्बळ उपकरणावर. समोरचा तुकडा दुसऱ्या क्रमावरून पहिल्यावर न्यावा, की मान वळताच दिसणारा बाजूचा तुकडा चौथ्यावरून तिसऱ्यावर आणावा? तुकडा कसा निवडावा हे मानक सांगत नाही. ते काम प्लेअरवर सोपविलेले आहे, आणि जोडणीची स्थिती त्यालाच ठाऊक असल्यामुळे ते योग्यही आहे. परंतु निर्णयास लागणारे अंतर त्याच्या हाती नाही. बिटदरावरून ते ताडता येईल, हे म्हणणे टिकत नाही: निरभ्र आकाशाला व गजबजलेल्या रस्त्याला समान प्रतीसाठी सारखे बिट लागत नाहीत.

सर्वमान्य मापच नसेल, तर अंतर लिहावयाचे कशात, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा आहे. सपाट केलेल्या चित्रावर साधी चूक मोजली, तर ध्रुवाकडील भागाला अवाजवी वजन मिळते. ६० अक्षांशावरील वर्तुळ विषुववृत्ताच्या निम्मे, पण बिंदू तितकेच. तथापि अक्षांशानुसार वजन देणारी मापे आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी वापरलेल्या मापाचे नाव व मूल्य क्रमाशेजारी ऐच्छिक म्हणून नोंदविण्यास आडकाठी दिसत नाही.